पाच नावांचा नवरा

"बसा अपा," विमानतळावरचा तपासनीस म्हणाला; वडीलधाऱ्या बाईला तिकडे अपाच म्हणतात. बुरुल अपा बसल्या, पण मांडीवरची पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही.

पिशवीत चाळीस तुकड्यांचं अंगडं होतं. गावातल्या चाळीस घरांचे उंबरे झिजवून, जिथे नव्वदी ओलांडलेलं माणूस होतं किंवा पाळणा हलता होता अशा प्रत्येक घरातून एकेक चिंधी मागून त्यांनी ते महिनाभर शिवलं होतं. उद्या इस्तंबूलमध्ये त्यांच्या लेकीच्या, जानीलच्या बाळाचा चाळिसावा दिवस. चाळीस चमचे पाण्याने बाळाला न्हाऊ घालायचं आणि हे अंगडं चढवायचं, हा मान आजीचा. आजी नसेल तर एखादी शेजारीण करते. पण जानील ज्या इमारतीत राहत होती, तिथे शेजारणी एकमेकींना ओळखत नव्हत्या. विमान अकरा वाजून वीस मिनिटांनी सुटणार होतं. भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा कमी होते.

तपासनिसाने थर्मासमधून वाटीत चहा ओतला, तोही निम्माच. अपांना जरा धीर आला. पाहुण्याला निम्मी वाटी देणारा माणूस घरंदाज असतो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे 'आता उठा'.

"नाव काय तुझं, बाळा?"

"मेलिस."

"अगं बाई! म्हणजे तुझ्या वडिलांनी चार जुन्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांची आद्याक्षरं एकट्या पोराच्या डोक्यावर ठेवली की."

"हो अपा. चौघांचेही पुतळे उतरले, मी तेवढा उरलो." पंचेचाळिशीचा तो माणूस थकल्यासारखा हसला आणि त्याने संगणकाचा पडदा किंचित आपल्याकडे वळवून घेतला. "एक साधा प्रश्न आहे. उत्तर मिळालं की तुम्ही मोकळ्या. हा माणूस कोण ते सांगा. नाव, जानीलदीन. आडनाव, अतासी."

अपांना क्षणभर काहीच उमगलं नाही. मग त्यांनी पदरासारखा रुमालाचा कोपरा ओठांवर धरला. 'जानीलदीन अतासी' म्हणजे 'जानीलचे वडील'.

"बरं, हे राहू द्या. उयदोगू किशी कोण?"

म्हणजे 'घरातला माणूस'.

"तोरू अतचान? कारी अबिश्का? आणि या वेळच्या तिकिटावर, तिगी किशी?"

तांबड्या घोड्याचा स्वार. म्हातारबा. आणि 'तो तिकडला'.

"बाळा," अपा म्हणाल्या, "तुझी मातृभाषा कोणती?"

"मला अर्थ कळतो हो अपा! यंत्राला कळत नाही ना. यंत्र परदेशात बनलेलं आहे." मेलिसने खुर्ची पुढे ओढली. "गेल्या वर्षापासून प्रत्येक प्रवाशाची सगळी माहिती विमान कंपनीकडून आमच्याकडे येते. तिकीट कधी काढलं, कुठली जागा घेतली, सामान किती, घरी कळवायचं झालं तर कुणाला. हा धरून तुमचे पाच प्रवास झाले. पाचही वेळा घरचा फोन तोच, पण माणूस दर वेळी वेगळा. यंत्र म्हणतं, एका फोनवर पाच पुरुष आहेत आणि पाचही नावं खोटी आहेत. तुमच्या नावापुढे लाल खूण आलीय."

"पाच पुरुष!" अपांनी कपाळावर हात मारला. "एकालाच जेवायला वाढताना माझा जीव जातो."

चूक कुठे झाली ते दोघांनाही एकाच वेळी समजलं. तिकीटघरातल्या मुलीने दर वेळी विचारलं होतं, घरी कुणाला कळवायचं. अपांनी दर वेळी तोंडाला येईल तसं सांगितलं होतं. यंत्राला दोन शब्द हवे होते, एक नावाचा आणि एक आडनावाचा; अपांनी नेमके दोन शब्दच दिले होते, आणि मुलीने ते टंकले होते. नाव असं नसतं हे त्या मुलीला कळत नव्हतं असं नाही. पण सुनेला कुणी नवऱ्याचं नाव विचारत नाही. तिची आईही घेत नसणार. मुलीने शहाणपणाने मान खाली घातली होती आणि त्या शहाणपणाचे पाच संशयित पुरुष झाले होते.

"मग आता सांगा," मेलिस म्हणाला, "खरं नाव काय?"

अपांनी चहाची वाटी उचलून ओठांना लावली.

त्या एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आल्या. त्याला आता एक्कावन्न वर्षं झाली. सासऱ्यांच्या नावात दगड होता म्हणून त्यांनी एक्कावन्न वर्षांत दगडाला दगड म्हटलं नव्हतं, 'जड' म्हणत. थोरल्या दिरांच्या नावात लांडगा होता. एकदा खरोखरीचा लांडगा मेंढरांत शिरला, तेव्हाही त्या "रानातला पाहुणा आला हो!" असं ओरडत धावल्या, आणि शेजारी खाटेवर गालिचा घालून पाहुण्याची वाट पाहत बसले. ही गोष्ट गावात अजून सांगतात. नवऱ्याच्या नावाचं तर काय! ते नाव त्यांच्या जिभेला कसं लागतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"अपा?"

"तुझ्याकडे सरकारची एवढी वही आहे. तीत नसेल का?"

"आहे. तुमच्या यजमानांचं नाव मला पडद्यावर दिसतंय. पण या फोनचा माणूस तोच, हे कशावरून? सिमकार्ड कुण्या पुतण्याच्या नावावर आहे. मी नाव सुचवायचं नाही आणि तुम्ही मान डोलवायची नाही, असा नियम आहे. मागे कुणी सुचवलं आणि एक घाबरट माणूस भलत्याच नावाला हो म्हणून बसला."

"मग नाहीच जमणार."

"लिहून द्या."

"जीभ काय आणि बोट काय, एकाच अंगाची."

मेलिसने चष्मा काढून डोळे चोळले. "नोंद मिटली नाही तर मला तुम्हाला सोडता येणार नाही, अपा. पुढचं विमान शुक्रवारी."

आज मंगळवार होता. अपांनी पिशवीवरचे हात घट्ट केले. शुक्रवारपर्यंत बाळ बेचाळीस दिवसांचं होईल. बेचाळीस या आकड्याला काहीच अर्थ नाही.

"थांबा, थांबा." मेलिस पडदा वरखाली करू लागला. "त्यांनी स्वतः कुठे नाव सांगितलंय का पाहू. या क्रमांकावरून तिकीटघराला फोन आलेले दिसतात. तुमच्या आधीच्या चारही तिकिटांच्या वेळी, आणि या वेळीही. मुलीने शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलंय." आणि घाईत, मागचा पुढचा विचार न करता, त्याने वाचलं: "'प्रवासी बाईंच्या यजमानांचा फोन. विमान उडताना बाईंना फार भीती वाटते, सांगत मात्र नाहीत. शेजारी एखादी प्रेमळ बाई बसवावी. हात धरला तर बरं. आम्ही सांगितलं हे बाईंना कळू देऊ नये.'"



अपांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नवराबायको सोबत एकदाच उडाले होते, त्याच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी राजधानीला जाताना. तो सबंध वेळ खिडकीबाहेर डोंगर पाहत होता, निदान त्यांना तसं वाटलं होतं. त्यांनी रुमालाखाली दात आवळले होते, डोळे मिटले होते, आणि उतरल्यावर म्हणाल्या होत्या, बसपेक्षा बरं आहे. त्यावर तो नुसतं 'हं' म्हणाला होता. नंतरच्या प्रवासांत दर वेळी शेजारी एखादी गप्पिष्ट बाई का येते, ती आपण होऊन हात का धरते, याचं त्यांना नवल वाटायचं. जग चांगलं आहे, असं त्यांनी मानून घेतलं होतं.

"हे त्यांनी कुणाला सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तिकीटघरातल्या मुलीला."

"मग तुझ्याकडे कसं आलं?"

"सगळंच येतं, अपा. शेरेही येतात."

"तू वाचलंस. आणखी कुणी?"

"ज्याच्याकडे किल्ली आहे तो वाचू शकतो. इथे आम्ही सहा जण आहोत. राजधानीत किती, मला माहीत नाही."

"किती दिवस राहणार ते तिथे?"

"पाच वर्षं."

"पाच वर्षं! नातू शाळेत जाईल तोवर. तोवर परके पुरुष चहा पीत वाचणार, की बुरुल विमानात घाबरते." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मेलिसने हातातली आपली चहाची वाटी खाली ठेवली. "त्या माणसाने एक्कावन्न वर्षांत मला एक गोड शब्द दिला नाही. जो एक होता, तो त्याने माझ्यापासूनही लपवून ठेवला. आणि तो मला तुझ्या तोंडून ऐकावा लागला."

मेलिसची मान लाल झाली. तो रोज अशा शेकडो ओळी वाचत असणार. ज्याची ओळ, ते माणूस समोर बसून चहा पितंय असं बहुधा कधी झालं नसावं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "वाचून दाखवायला नको होतं."

"वाचायलाच नको होतं," अपा म्हणाल्या. मग स्वतःच विषय तोडून त्यांनी पिशवीतून फोन काढला. "त्यालाच विचार. त्याचं नाव घ्यायला त्याला तर बंदी नाही ना."

घंटा बराच वेळ वाजली. अखेर मेंढरांच्या आवाजातून एक घोगरा आवाज आला. "पोहोचलीस? एवढ्यात?"

"पोहोचते कसली! अहो, इथे साहेबांच्या खोलीत बसलेय. ते विचारतील त्याचं उत्तर द्या."

"कोण साहेब?"

मेलिसने फोनजवळ तोंड नेलं. "नमस्कार, अता. मी प्रवासी-यादी कक्षातून बोलतोय. काळजीचं काही नाही. तुमचं नाव तेवढं सांगा."

पलीकडे मेंढरं ओरडत राहिली.

"अता? ऐकू येतंय?"

"येतंय. तुझ्या हातात काय आहे? लेखणी?"

"संगणक आहे."

"एकच ते. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला मी नाव सांगत नाही."

"अहो!" अपा म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस, बायबिचे," म्हातारा म्हणाला, म्हणजे 'घरधनिणी'. "तुला ठाऊक आहे."

अपांना ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात सासूने ते एकदा, एकदाच, सांगितलं होतं. खूप वर्षांपूर्वी गावात एक सभ्य माणूस वही घेऊन आला होता. त्याने चहा घेतला, पोरांना खडीसाखर दिली आणि प्रत्येक घरात कोण कोण येतं-जातं ते विचारलं. घरच्या म्हातारीने पाहुणा म्हणून कौतुकाने सगळी नावं सांगितली, शेवटी आपल्या मुलाचंही. महिन्याने त्या वहीतल्या अकरा जणांना नेलं. कुणी परत आलं नाही. तो मुलगा म्हणजे अपांच्या सासऱ्यांचा बाप. तेव्हापासून त्या घरात लिहिणाऱ्या माणसाला नाव सांगत नसत. पोस्टमनलाही आधी घोड्यावरून उतरवून चहा पाजत आणि मग पाकीट घेत.

"अता," मेलिस म्हणाला, "वेळ थोडा आहे. तुम्ही सांगितलं नाही, तर अपांना सांगावं लागेल."

पलीकडून एकदम हसू फुटलं. "ती? ती सांगेल? बायबिचे, दिली तुला परवानगी. घे नाव. एक्कावन्न वर्षांत एकदा ऐकू दे, कसं वाटतं ते."

"लाज नाही वाटत म्हाताऱ्या! सरकारी माणसासमोर!"

"बघ, घेत नाही. साहेब, हिला तुम्ही तुरुंगात टाकलंत तरी घेणार नाही. उलट जेलरचीच पाच नावं ठेवील."

"अहो, उद्या बाळाचा चाळिसावा आहे." अपांचा आवाज आता वेगळा झाला होता. "जानीलने पाणी मोजून ठेवलंय. चमचा चांदीचा आणलाय म्हणाली, उसना. मी नाही पोहोचले, तर ती एकटीच घालील पाणी. आपली पोरगी. एकटी."

मेंढरांचे आवाजही दूर गेले. तो माणूस चालत त्यांच्यापासून लांब आला असावा. घड्याळात साडेदहा झाले.

"ऐक रे पोरा," फोन म्हणाला. "नाव विचारतोस ना? मग नीट विचार. तू कुणाचा?"

मेलिसने दाराकडे एकदा पाहिलं, मग बापाचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आणि गाव सांगितलं.

"हं. त्या गावात माझी मावशी दिली होती. आता ऐक."

आणि त्याने नाव सांगितलं. स्पष्ट, सावकाश, मेंढरू दुसऱ्याच्या हाती देताना सांगावं तसं. मेलिसची बोटं चालली. पण फोन थांबला नाही. नावामागून बापाचं नाव आलं. त्यासरशी बुरुल अपा खुर्चीवरून उठल्या आणि पिशवी सांभाळत, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून त्यांनी त्या फोनपुढे वाकून नमस्कार केला, सासरे दारातून आत आल्यावर नवी नवरी करते तसा.

"अता, पुरे," मेलिस हळूच म्हणाला. "रकान्यात तीसच अक्षरं मावतात."

"रकाना तुझा, बाप माझे. विचारलंस ना कोण ते? सात सांगितल्याशिवाय माणूस पुरा होत नाही."

मग आजोबांचं नाव आलं, वहीत नाव गेलेल्या त्या मुलाचं. त्या नावापाशी फोनने विचारलं,

"हे लिहिलंस?"

"नाही अता."

"लिहू नकोस. ते एकदा लिहून झालंय."

"नाही लिहीत."

मेलिसने हात संगणकावरून काढून मांडीवर घेतले. उरलेली पाचही नावं त्याने नुसती ऐकली. अपा पुन्हा पुन्हा वाकत होत्या.

"झालं?" सातव्यानंतर फोनने विचारलं.

"झालं अता."

"मग हिला सोड. आणि बायबिचे, वेळेवर काहीतरी खा. नुसता चहा ढोसू नकोस." फोन बंद झाला.

मेलिसने पडद्यावरचे दोन-तीन खण भरले. लाल खूण पिवळी झाली आणि मग नाहीशी झाली. पाच पुरुषांचा एक झाला.

"गेले का ते चौघे?" अपांनी विचारलं.

"गेले."

"बरं झालं. चुलीवर एवढी भांडी नव्हती." त्या उठल्या नाहीत. "आता ते दुसरं पूस. भीतीचं."

"पुसता येत नाही, अपा. खरंच येत नाही. मला फक्त खाली भर घालता येते."

"मग भर घाल. लिही, की हे खोटं आहे."

मेलिसने त्यांच्याकडे पाहिलं. "खोटं आहे?"

अपांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे एक पांढरं विमान उन्हात उभं होतं, आणि एवढ्या लांबूनही ते फार मोठं दिसत होतं.

"असं लिहू का," तो म्हणाला, "'प्रवासी स्वतः सांगतात, की त्यांना भीती वाटत नाही'? म्हणजे माझ्याकडून खोटं होणार नाही, आणि पुढे जो कुणी वाचेल त्याला तुमचंही म्हणणं वाचावं लागेल."

अपांनी विचार केला. "लिही. आणि वाचून दाखव."

त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. मग थर्मास उचलून त्यांची वाटी काठोकाठ, अगदी सांडेल इतकी भरली. अपांना हसू आलं. एवढ्या अदबीने 'निघा' म्हणणारा सरकारी माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी वाटीला नुसते ओठ लावले आणि त्या उठल्या.

"पिशवीत काय आहे, अपा?" दार उघडून धरताना त्याने विचारलं. "विचारायचं म्हणून नाही. सहज."

त्यांनी अंगड्याची एक बाही बाहेर काढून दाखवली. निळा, खाकी, फुलांचा, कुणाच्या सदऱ्याचा, कुणाच्या पडद्याचा तुकडा.

"चाळीस घरं," अपा म्हणाल्या. "कुठला तुकडा कुणाचा, कुठल्या दिवशी दिला आणि देताना त्या घरात काय चाललं होतं, सगळं मला पाठ आहे."

"सगळं?"

"सगळं. आणि कुणालाही सांगणार नाही."

विमानात शेजारच्या जागी एक जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई आधीच बसलेली होती. बाजारात कापड विकणारी असावी, कारण तिने सर्वांत आधी पिशवीतून डोकावणारी बाही चिमटीत धरून पाहिली. अपांनी पट्टा बांधला. विमान वळलं, थांबलं, थरथरू लागलं.

"एजे, हात द्या," ती बाई थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली.

अपांनी तिच्याकडे नीट पाहिलं. हे जगाचं चांगुलपण नव्हतं, हे आता त्यांना ठाऊक होतं. कुठल्यातरी पडद्यावरून, सहा-सात परक्या डोळ्यांखालून तो हात इथवर आला होता. पण त्याच्याही मागे, अगदी मागे, मेंढरांपासून दूर जाऊन, तोंडाशी तळहाताचा आडोसा धरून फोनवर हळू बोलणारा एक म्हातारा होता.

"मला भीती वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तसं लिहिलेलं आहे."

आणि त्यांनी हात दिला.

यंत्रं गर्जू लागली. आवाज वाढत गेला, इतका की शेजारच्या बाईचे ओठ हलताना दिसले पण शब्द ऐकू आले नाहीत. जमीन सुटली. बुरुल अपांनी डोळे मिटले, अंगड्याची पिशवी छातीशी धरली आणि ते नाव उच्चारलं. आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण, मोठ्याने. त्यात एक अक्षर त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मऊ होतं.

आवाज हळूहळू उतरला. खाली डोंगर दिसू लागले.

"काही म्हणालात का, एजे?" बाईने विचारलं.

"नाही गं," अपा म्हणाल्या. "काही नाही."